जुन्या नाकवाल्या टाटाला पॉवरचा बॉक्स बसवला, वरचा शाफ्ट जोडायचा कसा?

वाडी_१६१३

नमस्कार मंडळी. गाडी जुनी नाकवाली टाटा १६१३, साध्या स्टिअरिंगची. नागपूरजवळच्या वाडीतून चालते, उमरेडकडून कोळसा, परतताना मिळेल तो माल. साध्या स्टिअरिंगवर ड्रायव्हर टिकत नाहीत म्हणून पॉवरचा बॉक्स, पंप, तेलाची टाकी आणि पाइप असा वापरलेला संच घेतला. बॉक्स चेसिसवर बसला, पंपही बसला. अडलं ते मधल्या जोडणीवर.

जुन्या बॉक्समधून शाफ्ट एकसंध वर स्टिअरिंगपर्यंत जात होता, मध्ये जोड नव्हता. नव्या बॉक्सचं तोंड, म्हणजे वरचा शाफ्ट जोडायचं दातेरी टोक, आखूड आहे आणि कॉलमच्या (स्टिअरिंगखालची नळी आणि तिच्यातला शाफ्ट) रेषेत येत नाही. थोडं खाली गेलंय, थोडं चेसिसच्या बाहेरच्या अंगाला. एक मिस्तरी म्हणतो, शाफ्ट कापून दोन क्रॉस (कोनात फिरणारे जोड) वेल्ड करून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा म्हणतो, अख्खा कॉलमच बदला. कोणाचं ऐकू? बॉक्सच्या तोंडावरचे दाते मोजले, ३६ भरले.

जॅक_पाना

वेल्डिंगवाल्याला आधी थांबवा भौ. त्यावर नंतर येऊ.

शाफ्टला हात लावायच्या आधी एक गोष्ट बघा. बॉक्स कोणत्या गाडीचा आहे? सपाट तोंडाच्या गाडीत ड्रॉप आर्मची, म्हणजे बॉक्समधून निघणाऱ्या दांड्याची, दिशा वेगळी असू शकते. बॉक्सचं तोंड हाताने उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं फिरवा आणि ड्रॉप आर्म कुठे जातो ते पाहा. तुमच्या गाडीत स्टिअरिंग उजवीकडे फिरवल्यावर ड्रॅग लिंक (आर्मपासून चाकांकडे जाणारी सळई) ज्या दिशेला जायची, त्याच दिशेला आर्म गेला पाहिजे. उलटा गेला तर स्टिअरिंग उजवीकडे आणि चाकं डावीकडे. जोडणीने हे सुधारत नाही, बॉक्सच बदलावा लागतो. पाइप न जोडता हे बघत असाल तर पाइपच्या दोन्ही भोकांतून तेल गळेल, खाली डबा ठेवा. आणि भोकांत कचरा जाऊ देऊ नका, फडक्याऐवजी प्लास्टिकची टोपी लावा, फडक्याचे धागे आत जातात.

दिशा बरोबर असेल तर पुढचं बोलू.

वाडी_१६१३

बघितलं दादा. दिशा बरोबर आहे. बॉक्स नाकवाल्याच गाडीचा आहे असं कबाडीवाला म्हणाला होता, खरं निघालं.

लेथ_हिंगणा

३६ दाते एवढ्यावर योक (दात्यांवर चढणारा, क्रॉस धरणारा दुपाखी तुकडा) मागवू नका. दाते आणि बाहेरचा व्यास, दोन्ही लागतात. व्हर्नियरने दात्यांच्या माथ्यावर व्यास घ्या, तीन ठिकाणी. दाते मोजताना एका दातावर खडूची खूण करा, नाहीतर एखादा दोनदा मोजला जातो. ३५ आणि ३६ चा घोळ इथेच होतो. खात्री करायची असेल तर तोंडाला थोडं काळं ग्रीस लावून कागदावर एक पूर्ण फेरा लोळवा. ठसा उमटतो, मग टेबलावर बसून मोजा. तो ठसा दुकानात घेऊन जाता येतो, हा फायदा वेगळा.

अजून दोन मापं. एक, दाते किती लांबीचे आहेत. दुसरं, तोंडावर गोल फिरणारी खाच आहे का, की एकाच बाजूला सपाट कापा आहे, आणि ते टोकापासून किती अंतरावर आहे. क्लॅम्पचा बोल्ट त्या खाचेतून आडवा जातो. बोल्ट ढिला झाला तरी योक वर निघून येऊ नये म्हणून ती खाच असते. योकचं बोल्टाचं भोक आणि खाच जुळत नसेल तर तो योक तुमच्या कामाचा नाही, कितीही घट्ट बसो.

जीपप्रेमी_धरमपेठ

यूट्यूबवर पौण इंची ३० दात्यांचे तयार योक दाखवतात, इंटरनेटवर मिळतातही. ते चालतील का?

लेथ_हिंगणा

ते अमेरिकन पिकअपच्या बॉक्सचे. त्यांच्यातही पौण इंचात ३० दाते आणि ३६ दाते असे दोन्ही प्रकार आहेत, म्हणून तिकडचे लोकही घोटाळतात. आपल्या ट्रकच्या बॉक्सचं माप घेऊनच ठरवा. जवळपासच्या मापाचा योक ठोकून बसतो, दोन दिवस नीट वाटतो, मग दाते झिजून स्टिअरिंगला प्ले (मोकळी हालचाल) येतो, आणि पुढे दाते सटकतात.

योक बरोबर आहे की नाही, याची गॅरेजमधली परीक्षा सोपी आहे. दाते तारेच्या ब्रशने साफ करून, थोडं ग्रीस लावून योक हाताने सरकवा. हाताच्या दाबाने किंवा हलक्या टिचकीने बसला पाहिजे, आणि बोल्ट न लावताच हलवून पाहिला तर डगमगता कामा नये. मग बोल्ट कसा आणि क्लॅम्पची फट बघा. कसल्यावरही दीड-दोन मिमी फट उरली पाहिजे. फट पूर्ण मिटली तर बोल्ट योकलाच दाबतोय, शाफ्टला नाही. टॉर्क बरोबर दाखवेल, पकड शून्य.

जॅक_पाना

याला जोडून एक. योक बसत नाही म्हणून हातोडा घालायचा नाही. आत टॉर्शन बारची (व्हॉल्व्हला जोडलेली पिळणारी सळई) पिन असते, व्हॉल्व्ह असतो, खाली बेअरिंग असते. वरून ठोकलं की तो मार थेट त्यावर. क्लॅम्पच्या फटीत छिन्नी किंवा चपटा स्क्रूड्रायव्हर हलका बसवा, फट अर्धा मिमी उघडते, योक सरकतो, मग छिन्नी काढून घ्या. तरीही बसत नसेल तर दात्यांत गंज किंवा मार लागलेला आहे. बारीक तिकोनी कानशीने तो एकच दात साफ करा, सगळे घासत बसू नका.

कामठीरोड

एवढं कशाला? इथे निम्म्या गाड्यांना वेल्डच आहे. चांगला वेल्डर पाहिजे, बस. पॉवर स्टिअरिंगमध्ये शाफ्टवर जोरच कुठे येतो, जोर तर तेल लावतं.

मशीनताई

इंजिन चालू आहे तोवर हे खरं. शाफ्ट फक्त आतला व्हॉल्व्ह उघडतो, चाकं तेल फिरवतं. पण पट्टा तुटला, पाइप फुटला, उतारावर इंजिन बंद पडलं, की त्या क्षणापासून भरल्या गाडीची चाकं ड्रायव्हरच्या दोन हातांनी याच शाफ्टमधून फिरवायची असतात. तेव्हा स्टिअरिंगवर माणूस अख्खं वजन टाकतो. जोड तपासायचा असेल तर त्या क्षणासाठी तपासायला हवा.

आता वेल्ड का नको ते. योक आणि शाफ्ट साध्या लोखंडाचे नसतात, मध्यम कार्बनच्या पोलादाचे असतात, तेही बहुधा फोर्ज केलेले. गॅरेजमध्ये आधी न तापवता केलेल्या वेल्डच्या शेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते. स्टिअरिंग दिवसभर एकदा इकडे, एकदा तिकडे पिळतं, आणि चीर त्या पट्टीतच सुरू होते. वेल्ड दिसायला सुंदर असतो, तुटतो त्याच्या कडेला. शिवाय क्रॉसची सुई बेअरिंग तिथून दोन बोटांवर असते, तिचं ग्रीस जळतं. आणि अर्थिंगची क्लिप चेसिसला लावून योकवर वेल्ड केला तर करंट बॉक्सच्या बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर डाग पडतात. बॉक्स नंतर खडबडीत फिरायला लागला की दोष मात्र बॉक्सवाल्याला.

कामठीरोड

ताई, करंटचं पटलं. पण मग जुना एकसंध शाफ्ट कापल्यावर खालच्या टोकाला दाते कुठून आणायचे?

लेथ_हिंगणा

दोन रस्ते. पहिला आणि माझ्या मते बरोबर: याच मॉडेलच्या पॉवर स्टिअरिंगच्या गाडीचा कॉलम आणि मधला शाफ्ट घ्या. त्यात खालचं बेअरिंग, योक, मधली सरकती जोडणी, सगळं आलं. म्हणजे तुमचा दुसरा मिस्तरी बरोबर बोलत होता. खर्च वेल्डपेक्षा जास्त, पण बाकीच्या निम्म्या कटकटी संपतात.

दुसरा रस्ता, कॉलम मिळालाच नाही तर. जुना शाफ्ट बाहेर काढून खालचं टोक लेथवर घ्यायचं आणि मिलिंगला डिव्हायडिंग हेड लावून दाते पाडायचे. त्यावर बसणारा योक आधी हातात हवा, दाते योकच्या मापाने पाडायचे, योक दात्यांच्या मापाने शोधायचा नाही. दात्यांची लांबी व्यासाच्या सव्वापट तरी ठेवा. बोल्टाची खाचही त्याच बैठकीत पाडून घ्या. शाफ्ट आखूड पडला आणि नवाच करायचा झाला तर ईएन८ किंवा ईएन१९ पोलादाचा करा, साधा एमएस (मऊ लोखंडाचा) बार नको. हिंगणा एमआयडीसीत दाते पाडून देणारी वर्कशॉप आहेत. "स्टिअरिंगचं काम आहे" हे आधीच सांगा, काही जण घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

जॅक_पाना

आणि शाफ्ट कापला की खालचं टोक लोंबकळतं, हे कोणी लक्षात घेत नाही. पूर्वी खालून बॉक्स त्याला धरून होता. आता कॉलमच्या नळीच्या खालच्या तोंडाशी बेअरिंग पाहिजे. सील असलेलं बॉल बेअरिंग, त्याचं घर नळीच्या बरोबर मध्यात. घर वाकडं बसलं तर स्टिअरिंग जड लागेल आणि लोक क्रॉसला शिव्या देत बसतील. शिवाय शाफ्ट वर-खाली सरकू नये म्हणून तो एका जागी अडवलेला हवा, वरच्या बेअरिंगशी सर्क्लिपने. दोन्ही टोकांना मोकळा सोडलात तर खड्ड्यात स्टिअरिंग ड्रायव्हरच्या छातीकडे येतं.

वाडी_१६१३

कॉलमचाच शोध घेतो. इथल्या स्पेअरच्या दुकानांत विचारून झालंय, एका ठिकाणी पॉवरच्या गाडीचा कॉलम आणि मधला शाफ्ट आहे म्हणतात. मधला शाफ्ट सरकता आहे. लांबी जुळेल का ते कसं ठरवायचं?

जॅक_पाना

कॉलम जागेवर बसवा, बॉक्सचे बोल्ट पूर्ण कसा, आणि मग दोन्ही तोंडांमधलं अंतर घ्या. बॉक्स ढिला असताना घेतलेलं माप खोटं असतं. सरकती जोडणी त्या अंतरावर आपल्या प्रवासाच्या साधारण मध्यावर असली पाहिजे, दोन्हीकडे किमान २० ते २५ मिमी शिल्लक. केबिन रबरावर आहे, चेसिस पिळते, भरलेली गाडी खड्ड्यात गेली की हे अंतर बदलतंच. पूर्ण दाबून बसवला असेल तर शाफ्ट बॉक्सच्या तोंडाला खाली रेटतो. पूर्ण ओढून बसवला असेल तर आतले दाते थोडेच धरलेले राहतात. आतली पकड शाफ्टच्या व्यासाच्या दीडपट तरी हवी.

केबिनच्या पुढच्या माउंटिंगखाली जॅक लावून थोडी उचला, खाली सोडा, आणि सरकतं तोंड किती हललं ते खडूच्या रेघेने बघा. अंदाजावर नको.

आणि इंजिन डोलतं हेही धरा. भरल्या गाडीत क्लच सोडला की इंजिन एका अंगाला झुकतं. शाफ्ट, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड आणि माउंटिंग यांत २५ मिमी मोकळी जागा ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत तसंही बॉनेटखाली काही हात लावण्यासारखं नसतं. एक्झॉस्टला खेटलेल्या क्रॉसचं ग्रीस वितळून जातं आणि पावसाळ्यात तो गंजून अडकतो.

मशीनताई

लांबीइतकाच महत्त्वाचा कोन, आणि त्याहून जास्त चुकतो तो फेज, म्हणजे मधल्या शाफ्टच्या दोन योकांची एकमेकांशी बैठक. यावर जरा लांब लिहिते.

क्रॉसचा जोड कोनात फिरतो तेव्हा वरचा शाफ्ट एकसारखा फिरवला तरी खालचा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे राहतो. कोन १५ अंश असेल तर हा फरक साडेतीन टक्के, हाताला कळतही नाही. ३० अंशांवर तोच १५ टक्क्यांच्या आसपास जातो. स्टिअरिंग एका जागी हलकं, पाव फेरा पुढे जड, मग परत हलकं. सरळ रस्त्यावर चालवताना मधल्या जागी ते तिखट लागतं किंवा सुस्त लागतं.

दोन जोड असतात ते एकमेकांचा फरक खाण्यासाठी. पण तसं होण्यासाठी दोन्ही कोन जवळपास सारखे हवेत आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एकमेकांशी बरोबर बसलेले हवेत. ते ९० अंशांनी चुकले तर फरक कटण्याऐवजी गुणला जातो. दोन्हीकडे ३० अंश असतील तर एका जागी ३३ टक्के जलद, दुसऱ्या जागी २५ टक्के मंद. असं स्टिअरिंग घेऊन घाटात कोणी जाऊ नये.

कोन मोजायला महागडं काही लागत नाही. बाजूने आणि वरून बघून मोजू नका, तिरक्या शाफ्टवर ते माप फसवतं. कॉलमच्या तोंडाच्या रेषेत एक सरळ सळई धरा, मधल्या शाफ्टच्या रेषेत दुसरी. जाड पुठ्ठा असा धरा की दोन्ही सळया त्याच्या पृष्ठाला टेकतील. त्यावर दोन्ही रेघा मारा आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. एक सळई पुढे वाढवली असता दुसरी तिच्यापासून किती वळली, तो जोडाचा खरा कोन. तसाच दुसरा पुठ्ठा बॉक्सकडच्या जोडासाठी. ट्रकला प्रत्येक जोड २५ अंशांच्या आत राहील असं बघा. ३० च्या पुढे जात असेल तर बॉक्सचा ब्रॅकेट किंवा कॉलमचा कल बदलावा लागेल.

हे दोन पुठ्ठे जागेवरच धरून ठेवा आणि मधल्या शाफ्टच्या टोकाकडून, त्याच्या रेषेत डोळा लावून बघा. दोन्ही पुठ्ठे एकाच रेषेत दिसत असतील तर मधल्या शाफ्टचे दोन्ही योक समांतर ठेवायचे. एक पुठ्ठा दुसऱ्यापासून काही अंशांनी फिरलेला दिसत असेल तर योकही तेवढेच अंश, त्याच दिशेला फिरवून बसवायचे. तुमचा बॉक्स खालीही गेलाय आणि बाहेरही, म्हणजे बहुधा फिरलेला दिसेल.

जीपप्रेमी_धरमपेठ

जीपमध्ये इंजिन मध्ये येतं म्हणून तीन जोड लावावे लागतात. तिथे काय?

मशीनताई

दोन जोडांपर्यंत आधार लागत नाही. तिसरा आला की मधले दोन तुकडे कुठेही पळू शकतात, म्हणून त्यांच्यातल्या एका शाफ्टला चेसिसवरून आधाराचं बेअरिंग हवंच. त्याशिवाय तीन जोड म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की शाफ्ट बाजूला उडी मारतो आणि चाकं उशिरा वळतात. जीपचं बाकी वेगळ्या धाग्यात विचारा, इथे ट्रकचं पूर्ण होऊ दे.

वाडी_१६१३

कॉलम आणि मधला शाफ्ट आणला, बसवून बघितला. दाते, व्यास, खाच तिन्ही जुळलं. सरकता भाग मध्याच्या जवळ येतो. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पुठ्ठे केले. वरचा कोन २४, खालचा २१. टोकाकडून बघितल्यावर पुठ्ठे साधारण २० अंशांनी फिरलेले दिसतात. बॉक्सला ३६ दाते, म्हणजे एक दात १० अंश. मग बॉक्सवर योक दोन दाते फिरवून बसवला की झालं ना?

मशीनताई

नाही. बॉक्सवर योक फिरवला तर अख्खा शाफ्ट वरपर्यंत फिरतो, मधल्या दोन योकांचं एकमेकांशी नातं तेच राहतं. बदलेल ती फक्त स्टिअरिंगच्या चाकाची दिशा. फेज ठरतो मधल्या सरकत्या जोडणीत. ती उघडा आणि तिथले दाते मोजा.

वाडी_१६१३

तिथे २४ भरले. सगळे सारखे, एखादा रुंद किंवा गाळलेला दात नाही.

मशीनताई

म्हणजे एक दात १५ अंश. समांतरपासून एक दात फिरवा, पुठ्ठा ज्या दिशेला फिरलेला दिसला त्याच दिशेला. २० ऐवजी १५ झाले, उरलेल्या ५ अंशांचा परिणाम किरकोळ. दोन्ही कोनांत ३ अंशांचा फरक आहे, त्याने दोन टक्क्यांच्या आसपास चढउतार उरेल. कंपनीच्या गाड्यांतही एवढा असतो. योक ९० ने चुकले असते तर याच कोनांवर १७ टक्के आला असता.

फिरवल्यावर दोन्ही भागांवर सरळ रेघ पंच करून ठेवा. पुढे कोणी ग्रीस भरायला उघडलं आणि भलत्या दातावर बसवलं, तर दोष महिनोन्‌महिने सापडत नाही. एखादा गाळलेला दात असता तर कंपनीने फेज आधीच ठरवून दिलाय असं समजायचं असतं, पण तो त्यांच्या गाडीच्या कोनांसाठी.

जॅक_पाना

आता कसण्याचा क्रम. इथे लोक उलटं करतात.

पुढचा एक्सल जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, जॅकच्या भरवशावर आत जाऊ नका. ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडलेली असू द्या. बॉक्सचं तोंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा आणि फेरे मोजा. टोकाला गेल्यावर जोर लावू नका. समजा सव्वापाच फेरे आले, तर त्याच्या निम्म्यावर परत या, तो बॉक्सचा मध्य. तोंडावर आणि घरावर खुणेची रेघ असेल तर ती तिथे जुळेल. ड्रॉप आर्म आणि त्याच्या शाफ्टच्या तोंडावरही जुळणीच्या खुणा असतात, त्या बघा. आर्म काढावा लागला तर पुलरने, बाजूने घण मारून नाही, आणि नट बॉक्सवाल्याने दिलेल्या टॉर्कवर, लॉक करून.

मध्य सापडला की तो हलू न देता मधला शाफ्ट चढवा. आधी बॉक्सकडचा योक, मग वरचा. दोन्ही बोल्ट खाचेतून आरपार जातात याची खात्री करा, बोल्ट तिरका जात असेल तर योक पूर्ण खाली बसलेला नाही. बोल्ट ८.८ च्या खालच्या ग्रेडचा नको, बाजारातला बिनखुणेचा तर नकोच. एम१० च्या ८.८ बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन मीटर, १०.९ असेल तर ७० च्या आसपास. तुमच्या कॉलमच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. नायलॉक नट प्रत्येक वेळी नवा. कसल्यावर नट, बोल्ट आणि योक यांच्यावरून पिवळ्या पेंटची एक रेघ ओढा. सुटला तर लांबूनच दिसेल.

मग चाकं सरळ करून ड्रॅग लिंकची लांबी जुळवा, आर्म मध्यावर राहील अशी. सगळ्यात शेवटी स्टिअरिंगचं चाक. ते वाकडं असेल तर वरचा नट सोडून चाक उचलून सरळ बसवा. चाक सरळ दिसावं म्हणून बॉक्स मध्यावरून हलवायचा नाही. पॉवरच्या बॉक्सला मध्यावर घट्ट जागा असते, सरळ चालताना गाडी तिथेच असायला हवी. नाहीतर एका बाजूला प्ले जास्त आणि वळणही कमी मिळतं.

वाडी_१६१३

जोडलं. तेल भरायच्या आधी काय तपासू?

जॅक_पाना

ड्रॅग लिंक परत सोडा, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका हाताने पूर्ण फिरवा. सगळीकडे सारखं लागलं पाहिजे. एका जागी अडतं आणि सुटतं असेल तर क्रॉस जाम आहे किंवा फेज चुकला. खालचा योक सोडून फक्त कॉलम फिरवा, तरीही अडत असेल तर बेअरिंगचं घर वाकडं.

मग तेल. बॉक्सवर किंवा टाकीवर लिहिलेलंच घाला, बहुतेक एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल) असतं. इंजिन चालू न करता, चाकं अधांतरी ठेवून स्टिअरिंग इकडून तिकडे आठ-दहा वेळा हळू फिरवा, टाकीत तेल घालत राहा. पंपात हवा गेली की तो ओरडतो. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून परत तेच. टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, तेल तिथेच तापतं आणि पंप जातो. एक्सलचे स्टॉप बोल्ट आणि बॉक्सचे लिमिटर जुळलेले असले तर चाक स्टॉपला टेकायच्या दोन-तीन मिमी आधीच प्रेशर उतरतं. संच जुना आहे, ते जुळवून घ्यावंच लागेल.

मशीनताई

यातच अजून एक तपासणी. ड्रॅग लिंक सुटलेली, इंजिन चालू, स्टिअरिंगवरून हात काढा. ड्रॉप आर्म जागेवर राहिला पाहिजे. आपोआप एका बाजूला चालायला लागला तर मधला शाफ्ट व्हॉल्व्हला दाबतोय किंवा पिळतोय. बहुतेक वेळा सरकता भाग तळाला टेकलेला असतो. हात मध्ये घालून बघू नका, आर्म जिथे जातो तिथे बोटं राहत नाहीत. शाफ्ट सोडल्यावरही चालत असेल तर दोष बॉक्सच्या आतला, ते काम बॉक्सवाल्याचं.

कामठीरोड

वळण घेतल्यावर स्टिअरिंग परत येत नाही, ही तक्रार माझ्याकडे पॉवर बसवलेल्या गाड्यांची सर्रास येते. लोक बॉक्सचा प्ले जुळवायचा स्क्रू ढिला करून देतात.

जॅक_पाना

काऊन ढिला करायचा बाप्पा? आधी क्रॉस बघा. कोळशाची बारीक धूळ आणि प्रेशरचं पाणी, दोन्ही क्रॉसमध्ये जातं. हातात धरून चारही बाजूंना वाकवला तर तो मऊ वाकला पाहिजे. मग कॉलमचा बुश, मग किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन). स्क्रू ढिला केला की परत येणं थोडं सुधारतं आणि प्ले कायमचा येतो.

पासिंगवाला

कागदांचंही बघा राजेहो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीत असलेल्या आणि कंपनीने दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. म्हणून त्याच मॉडेलचे कंपनीचे भाग वापरा, बिलं ठेवा, आणि काम पूर्ण व्हायच्या आधीच आरटीओत विचारून घ्या. आठ वर्षांपुढच्या गाडीचं फिटनेस दरवर्षी होतं, लपून राहणार नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ क्रमांकाचा नियम स्टिअरिंगचा. स्टिअरिंगच्या चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले नको, बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, आणि जोडणीचे बोल्ट किंवा पिना लॉक केलेल्या हव्यात. निरीक्षक खाली वाकून नायलॉक नट बघतोच. आणि ३० ही शेवटची हद्द आहे. नवी जोडणी करून तुमच्या गाडीला १५ अंश प्ले येत असेल तर कुठेतरी काहीतरी ढिलं आहे.

वाडी_१६१३

पुरतं समजलं. तेल भरून जागेवर तपासलं, आर्म स्थिर राहतो, फिरतंही एकसारखं. प्ले दोन बोटं. पण हॉर्न वाजत नाही! बटण, फ्यूज, रिले सगळं ठीक आहे. जुन्या कॉलमवर वाजत होता.

जॅक_पाना

हॉर्नचं अर्थिंग तुमच्या गाडीत शाफ्टमधून बॉक्सला आणि तिथून चेसिसला जात होतं. आता मध्ये दोन क्रॉस आणि ग्रीसने भरलेली सरकती जोडणी आली, करंट नीट जात नाही. कधी वाजेल, कधी नाही, आणि वाजला तरी तो क्रॉसच्या सुयांमधून वाजेल. कॉलमच्या शाफ्टवर घासणारा कार्बन किंवा स्लिप रिंग देऊन तिथून जाड वायर थेट केबिनच्या बॉडीला, आणि केबिनमधून चेसिसला वेणीची पट्टी. रबरी माउंटिंगमुळे केबिनचं अर्थिंग स्वतःही कच्चं असतं, म्हणून ती पट्टी गाळू नका. वायर मधल्या शाफ्टला गुंडाळायची नाही, दोन वळणांत तुटते आणि क्रॉसमध्ये अडकते.

पहिली चक्कर रिकामी, वाडीपासून कोंढाळीपर्यंत. परत आल्यावर पिवळ्या रेघा बघा. मग निम्मा माल, मग पूर्ण. पूर्ण मालाच्या पहिल्या फेरीनंतर दोन्ही क्लॅम्प बोल्ट आणि बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट टॉर्क पान्याने परत तपासा. बॉक्सच्या ब्रॅकेटच्या कोपऱ्यात रंगाला केसासारखी रेघ दिसली तर तो रंग नाही, चीर आहे. गाडी तिथेच थांबवा.